तळघरातली रिकामी खुंटी

बुर्गीबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी हातातला झारा घेऊन त्याच्या अंगावर जाईन, हे आधीच सांगून ठेवते. ती या हॉटेलात भांडी घासायला आली तेव्हा परकर सावरत चालणारी पोरगी होती, आणि चुलीपाशी मी होते. पुढं मालकाच्या मुलानं, रोमेडनं, तिच्याशी लग्न केलं आणि ती मालकीण झाली. पण माझ्यावर कधी आवाज चढवला नाही तिनं. मी चढवते तिच्यावर, ते वेगळं. तर अशा या बाईनं त्या फेब्रुवारीत जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तिची बाजू घेऊनही मला ते चांगलं म्हणता येत नाही.

आमच्या हॉटेलच्या तळघरात भिंतभर लाकडी खुंट्या आहेत. दरवर्षी येणारे जुने पाहुणे परत जाताना आपापल्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्या, इथंच टांगून जातात. एवढी लांबडी ओझी घरी कोण नेणार? प्रत्येक खुंटीखाली नाव कोरलेलं आहे. उन्हाळ्यात घर रिकामं असतं, डोंगरावर गाई चरत असतात, तेव्हाही त्या स्की तिथंच पुढच्या बर्फाची वाट बघत असतात. बुर्गीची सासू महाखाष्ट बाई. लग्न होऊन आलेल्या सुनेला तिनं पहिल्याच आठवड्यात तळघरात नेलं आणि बजावलं, "सूप खारट झालं तर माफ आहे, पलंग मोडला तर माफ आहे. पाहुण्याच्या खुंटीला हात लावलास तर या घरात राहायचं नाही." बुर्गीनं ते मनावर कोरून घेतलं. सासू गेली, रोमेडही गेला, पण त्या भिंतीवरची धूळसुद्धा ती लांब दांड्याच्या झाडूनं झटकायची.

आता एगबर्टबद्दल सांगते. उत्तर जर्मनीतल्या सपाटीवरून त्यांचा क्लब दर फेब्रुवारीत बस भरून यायचा. अशा लोकांना आमच्या खोऱ्यात माघारी 'पिफके', म्हणजे शिष्ट जर्मन, म्हणतात आणि तोंडावर 'या, बसा' म्हणतात. एगबर्टला मात्र माघारीही कुणी काही म्हणायचं नाही. शाळेत कसरत शिकवायचा तो. निवृत्त झाला तरी ताठ. क्लबाचा म्होरक्या तोच. रात्रीचं जेवण होत आलं की चमच्यानं पेल्यावर टणटण वाजवून उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशीचा बेत सांगायचा: कुठल्या उतारावर जायचं, दुपारी कुठल्या झोपडीत जेवायचं. शेवटी ठरलेलं वाक्य, "आळशी मागं राहील, मी थांबणार नाही." आणि सगळ्यांत जास्त वेळ तोच थांबायचा. म्हाताऱ्या, नवशिक्या, आदल्या रात्री नाशपातीची दारू जास्त झालेल्या, सगळ्यांना हाकत खाली घेऊन यायचा.

रोमेड गेला त्या हिवाळ्यात बुर्गीनं सगळ्या पाहुण्यांना कळवून टाकलं होतं की हॉटेल बंद आहे. एगबर्टचा फोन आला तो मीच उचलला. म्हणाला, "झेंझी, आम्ही येतोय. चादरी आमच्या आम्ही घालू, भांडी आम्ही घासू. तू फक्त तुझे ते पावाचे गोळे, क्न्योडल, कर." आणि आले की! दातांचे डॉक्टर, बँकेतले साहेब जिन्यावर रांग लावून गाद्या वाहत होते, आणि बुर्गी कोपऱ्यात उभी राहून रोमेड गेल्यानंतर पहिल्यांदा हसत होती. त्या आठवड्यानं हे हॉटेल वाचलं. त्याच माणसाशी ती पुढं तसं वागली. म्हणून तर तिला ते इतकं लागलं.

सुरुवात झाली एगबर्टच्या बायकोच्या फोननं. रोसविथा. गोड बाई, जरा घाबरट. बुर्गी स्वयंपाकघरातच बोलत होती, त्यामुळं पलीकडचंही मला ऐकू येत होतं. मागच्या पानगळीत एगबर्ट जिन्यात कोसळला होता. हृदय. डॉक्टरांनी बजावलं होतं की थंडीत अंगाला ताण द्यायचा नाही, स्की तर नाहीच नाही.

"तो म्हणतो, डॉक्टर बोलायचेच," रोसविथा म्हणाली. "मी रडले, भांडले, मुलाला मध्ये घातलं. ऐकत नाही. बुर्गी, तू त्याच्या स्की लपव."

"रोसविथा, अगं, मी खुंटीला हात लावत नाही. तुला माहितेय."

"मग उतारावरून त्याला उचलून आणतील तेव्हा हात लावशील का?"

शेवटी बुर्गीनं शब्द दिला, कुणाला सांगणार नाही म्हणून. फोन ठेवून ती तळघरात गेली आणि त्या स्की काढून बटाट्यांच्या खोलीत सफरचंदांच्या खोक्यांमागं ठेवून आली. वर आली तेव्हा हात धुवत बसली. किती वेळ! मी म्हटलं, "पुरे, कातडं निघेल." आमचं असं ठरलं की विचारलं तर सांगायचं, बुटाची पकड, ते बाइंडिंग तुटलं, शहरात दुरुस्तीला दिलंय, बर्फ आहे तोवर काही येत नाही. साधी थाप. कुणाचं त्यात काही बिघडलं नसतं.

बस शनिवारी आली, रोसविथाही बरोबर होती. गळाभेटी झाल्या, डोंगरात सगळेच एकमेकांना 'अरे-तुरे' करतात तसा दंगा झाला. रविवारी सकाळी मी बटाटे काढायला खाली गेले होते. एगबर्ट बूट घालून ठणठण करत तळघरात आला आणि आपल्या खुंटीसमोर उभा राहिला. बुर्गी त्याच्या मागोमाग.

"बुर्गी, माझ्या स्की कुठायत?"

आणि बुर्गी काय म्हणाली? "अरे, गेल्या वेळी तू घरी नेल्यास ना!"

माझ्या हातातला बटाटा खाली पडला.

"मी नेल्या?" एगबर्ट हसला. "काहीतरीच!"

"हो रे. म्हणालास, कडांना चांगली धार लावून घेतो." एक खोटं सांभाळायला दुसरं पुढं केलं तिनं.

"बुर्गी, चेष्टा पुरे." तो अजून हसत होता. "मी फडक्यानं पुसल्या. इथं टांगल्या. तू त्या पायरीवर उभी होतीस, हातात अंड्यांची टोपली होती. म्हणालीस, पुढच्या वर्षी मेण मी लावून ठेवीन."

अगदी शब्द न शब्द खरं होतं. बुर्गीचा चेहरा पांढरा पडला. तिथंच सांगून टाकायचं ना! पण नाही. "ते त्याच्या आधीच्या वर्षी," ती म्हणाली.

एगबर्टचं हसू हळूहळू गेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "झेंझी, तुला आठवतंय का?"

"मला सूप आठवतं. तुझ्या फळ्यांचं मला काय विचारतोस?" असं म्हणून मी बटाटे घेऊन पळाले. हो, पळालेच.

नंतर स्वयंपाकघरात मी तिला धरलं. "अगं, बाइंडिंग तुटलं म्हणायचं ठरलं होतं ना! मेंदू शेळ्यांना घातलास की काय?"

"तो दुरुस्तीवाल्या सगळ्यांना ओळखतो. मला वाटलं, आत्ता जाऊन विचारील," ती म्हणाली. "आणि तोंडातून निघून गेलं. झेंझी, एकदा निघाल्यावर मागंच घेता येईना."

क्लबातला योर्न म्हणून एक तरुण माणूस आहे, बोलघेवडा पण मनानं बरा. तो एगबर्टला म्हणाला, "त्यात काय! दुकानातून भाड्यानं घे, चल." एगबर्टनं मान हलवली. दिवसभर तो खाली बसायच्या खोलीत शेगडीपाशी बसून राहिला. रोसविथा त्याच्या शेजारी लोकर विणत होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला तिचा रागही येईना. किती महिन्यांनी ती नवऱ्याला एका जागी बसलेला पाहत होती.

सोमवारी रात्री जेवणानंतर चमचा पेल्यावर वाजला. सगळे गप्प झाले. एगबर्ट उभा राहिला. "उद्यापासून बेत योर्न सांगेल," तो म्हणाला. "ज्याला आपल्या स्की कुठं आहेत ते आठवत नाही, त्यानं तुम्हाला डोंगरावर न्यावं हे बरोबर नाही. आळशी कोण, मागं कोण राहिलं, ते मोजताना मीच चुकलो तर?" लोक हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय. मग हसणं थांबलं. बुर्गी हातात ताटं घेऊन दारात उभी होती. ती तशीच उलटी फिरली आणि ताटं जोरात ठेवली, माझ्या एका वाडग्याचा कान उडाला.

मंगळवारी सगळे डोंगरावर गेल्यावर एगबर्ट स्वयंपाकघरात आला आणि ओट्यापाशी स्टुलावर बसला.

"झेंझी, मागच्या वर्षी मी तुला काय आणलं होतं?"

"मार्झिपानची बदामी मिठाई. आणि तुझ्या बायकोनं मोजे."

"हेही मला तसंच आठवतंय." त्यानं मान खाली घातली. "पण त्या स्कीही मला तशाच आठवतायत ना. पुसलेलं फडकं निळं होतं, अंड्यांवर पेंढा होता, सगळं दिसतंय. आणि ते झालंच नाही. मग मोजे तरी झाले का, हे मला कसं कळावं?"

मी सुरी खाली ठेवली. मला त्याला सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं, पण गोष्ट मालकिणीची होती आणि शब्द तिनं दिला होता.

"माझे वडील शेवटी असेच झाले," तो म्हणाला. "शपथेवर सांगायचे, आत्ताच आई येऊन गेली, तिनं पडदे लावले. आजीला जाऊन किती वर्षं झाली होती! आम्ही पोरं हसायचो. त्यांना ते दिसत होतं गं. मला आता कळलं, त्यांना ते दिसत होतं."

बुर्गी पलीकडं कोठीत होती. दार उघडंच होतं.

त्यानंतर ती बाई जेवली नाही. त्याच्यासाठी मात्र रोज गोड ऑम्लेटचे तुकडे, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखारांचा मुरंबा. ती स्वतः करायची, मला हात लावू द्यायची नाही. एगबर्ट म्हणायचा, "बुर्गी, तू फार चांगली आहेस," आणि ही आत येऊन एप्रनमध्ये तोंड खुपसायची. चर्चमध्येही जाऊन आली. पाद्रीबुवा म्हणाले, प्रार्थना कर. मी म्हटलं, "प्रार्थनेनं काय तो माणूस शेगडीपासून उठणार आहे?"

"मग काय करू?" ती माझ्यावर खेकसली. "सांगितलं तर तो उद्या डोंगरावर जाईल. काही झालं तर? आणि नाही सांगितलं तर... बघतेयस ना तू?"

"बघतेय. सगळं गाव बघेल थोड्या दिवसांनी."

बुधवारी तिनं रोसविथाला आत बोलावलं. मी कांदा चिरत होते, त्यामुळं माझे डोळे तसेही वाहतच होते.

"मला सांगू दे त्याला," बुर्गी म्हणाली. "हातापाया पडते तुझ्या. तो स्वतःला वेडा समजायला लागलाय."

"तो जिवंत बसलाय तिथं," रोसविथा म्हणाली. "गरम शेगडीपाशी. नाडी बरोबर चाललीय. घरी गेल्यावर मी सांभाळून घेईन."

"काय सांभाळशील? तो म्हणतोय, गाडी चालवणं सोडतो. म्हणतोय, डॉक्टरकडं जाऊन डोकं तपासून घेतो."

"तपासू दे. काही निघणार नाही, मग बरं वाटेल त्याला." रोसविथा दाराकडं वळली. "तू शब्द दिलायस, बुर्गी. तुला रात्री उशापाशी बसून नवऱ्याचा श्वास ऐकत राहावं लागलं नाही. रोमेड एका क्षणात गेला तुझा. मी रोज ऐकते."

रोमेडचं नाव काढल्यावर बुर्गी माझ्यापुढचा कांदा ओढून सोलायला बसली. मला वाटलं, आता ही काही बोलणार नाही, आठवडा असाच जाईल, बस निघून जाईल.

शुक्रवारी दुपारी क्लबाची शेवटची शर्यत होती. दरवर्षी हे लोक खालच्या उतारावर आपापसात शर्यत लावतात आणि रात्री बक्षिसं वाटतात. सगळे तिकडं. एगबर्ट एकटाच खाली आला आणि बुर्गीला तळघरात बोलावून घेतलं. मीही गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले.

त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. खुंटीखालची त्याच्या नावाची पाटी तो काढत होता.

"हे काय करतोयस?" बुर्गी ओरडली.

"कुणाला तरी जागा होईल," तो म्हणाला. "मी पुढच्या वर्षी येणार नाही, बुर्गी. तुझं घर मला फार प्रिय आहे. एखाद्या वर्षी इथं येईन आणि तू दारात उभी असशील आणि मला कळणार नाही तू कोण. ते मला नकोय. मी चांगला असतानाच निरोप घेतो." आणि त्यानं हात पुढं केला, निरोपाचा.

बुर्गीनं तो हात धरला आणि त्याला ओढतच बटाट्यांच्या खोलीत नेलं. खोकी पायानं ढकलली. सफरचंदं घरंगळत सगळीकडं गेली. मागं त्याच्या स्की, मेण लावलेल्या, पुसलेल्या.

 एगबर्ट गुडघ्यांवर बसला. त्यानं एका स्कीवरून हात फिरवला, आणि टोकाजवळच्या जुन्या चऱ्यावर अंगठा ठेवला.

"मी टांगल्या होत्या," तो म्हणाला.

"टांगल्या होत्यास. फडकं निळंच होतं. अंड्यांवर पेंढा होता. सगळं तसंच झालं होतं, एगबर्ट. सगळं, जसंच्या तसं." बुर्गी रडत होती. "मी खोटं बोलले."

तो एवढा मोठा माणूस हसायला लागला आणि हसता हसता हुंदके द्यायला लागला. तिच्या एप्रनला धरून म्हणत होता, "मी ठीक आहे. मी ठीक आहे ना? झेंझी, ऐकलंस?" मी नाक शिंकरलं. मला वाटलं, सुटलो. बरं झालं, सगळे सुटलो.

मग त्यानं वर पाहिलं. "का केलंस?"

"तुझं हृदय... मला वाटलं..."

"हृदयाचं तुला कुणी सांगितलं?"

बुर्गीनं डोळे पुसले. "मीच केलं," ती म्हणाली. "सगळं मीच."

"बुर्गी, आता आणखी एक खोटं चित्र मला दाखवू नकोस," तो म्हणाला. आवाज शांत होता. "क्लबात मी कुणालाही सांगितलेलं नाही."

ती खाली वाकून सफरचंदं गोळा करायला लागली. मीही. त्याला कळलं. तो उभा राहिला, गुडघ्यांवरची माती झटकली. "सोमवारी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो तेव्हा रोसविथा माझ्या शेजारी बसली होती," तो म्हणाला. "वडिलांचं मी तिला रात्रभर सांगत होतो. तिनं माझा हात धरला होता." त्यानं एक खोकं सरळ करून ठेवलं. "मी तिचं ऐकलं नसतं, हेही खरं आहे. गेलो असतो उतारावर. ते मला माहितेय."

त्या रात्री बक्षिसं योर्ननंच वाटली. एगबर्टनं टाळ्या वाजवल्या, हसला, पण पेल्यावर चमचा वाजवला नाही. नवराबायकोत भांडण झालं का, ते मला माहीत नाही. त्यांच्या खोलीतून आवाज आला नाही.

शनिवारी नाष्ट्यानंतर अंगणात बस लागली. सामान चढत होतं. रोसविथा स्वयंपाकघराच्या दारात आली. मला वाटलं, निरोप घ्यायला आलीय. ती बुर्गीसमोर उभी राहिली.

"त्या काळजीनं तो मेला नसता, बुर्गी," ती म्हणाली. "आणखी एक दिवस धीर धरायचास. घरी गेल्यावर मी माझ्या तोंडानं सांगितलं असतं. तुला झोप लागेना, म्हणून सांगितलंस तू."

बुर्गीनं एप्रनला हात पुसले. तोंडाला तोंड देणारी मी, पण दुधाचं भांडं उतरवायला चुलीकडं वळले. कारण ते खोटं नव्हतं.

बाहेर एगबर्ट बसच्या दाराशी उभा होता. त्यानं बुर्गीला मिठी मारली, अगदी मनापासून, पाठीवर थोपटलं. म्हणाला, "पाटी परत लावलीय मी." बुर्गीला रडू फुटलं.

रोसविथा मागून आली. नेहमीसारखंच म्हणाली, "चल, चढ. तुझ्या गोळ्या मी पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवल्यात."

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं खांद्यावरची पिशवी काढली, बसच्या पायरीवर टेकवली, पुढच्या कप्प्याची चेन उघडली आणि आत हात घालून पाहिलं. गोळ्या तिथंच होत्या. त्यानं डबी बाहेर काढली, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा बंद करून ठेवली. रागानं नाही. अगदी सावकाश, आठवणीनं.

रोसविथा एक पाय पायरीवर ठेवून उभी होती. सगळे बघत होते, पण कळलं फक्त आम्हा तिघींना. तिनं मान वळवून बुर्गीकडं पाहिलं. मग वर चढली आणि मागच्या बाजूला जाऊन बसली. तो पुढंच, ड्रायव्हरच्या शेजारी बसला.

बस निघाली. बुर्गीनं हात वर केला होता, तो तसाच राहिला.

"तिला झोप यावी म्हणून मी त्याला वेडं ठरवलं, झेंझी," ती म्हणाली. "आणि मला झोप यावी म्हणून..."

 दुपारी नवे पाहुणे यायचे होते, चादरी बदलायच्या होत्या. मी तिला आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. ती तिथं बसली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली.